उपाशी हाडांचा हिवाळा

यंदा मेथी बरी आली आहे. सकाळी दव असताना वाफ्यात शिरलं की तिचा कडसर, हिरवा वास थेट नाकात जातो आणि माझं डावं मनगट आपोआप उजव्या हातात येतं. बघणाऱ्याला वाटेल, बाई बांगड्या चाचपतेय. बांगड्या त्या हातात आता दोनच आहेत. प्लास्टर घालताना बाकीच्या वाढवल्या, त्या पुन्हा भरायचं राहूनच गेलं.

दोन वर्षं झाली त्या हिवाळ्याला. थंडी पडली, तुरीच्या शेंगा टपोरल्या, की तो हिवाळा पुन्हा माझ्याकडे येऊन बसतो. त्याला चहा विचारावा लागत नाही, तो घरचाच. आल्या आल्या तो सगळ्यात आधी थकवा आणतो. आता दुखणं गेलं, पण थकव्याची आठवण अंगात राहिली आहे. बसल्यावर उठावंसं वाटू नये, उठल्यावर कशासाठी उठले ते आठवू नये, दुपारी कणीक मळता मळता परातीवर हात तसाच ठेवून भिंतीकडे बघत राहावं. चार-पाच वर्षं मी अशी होते. लोक म्हणायचे, वय झालं. मी म्हणायचे, आळस भरला. स्वतःला आळशी म्हणत जगणं फार दमवणारं असतं. काम होत नाही ते नाहीच, वर दिवसभर स्वतःशी भांडण.

आमची वाडी जानेफळच्या रस्त्यावर आहे. वाडी म्हणजे फार काही नाही, विहिरीखालचा एक तुकडा आणि बोअरचं पाणी. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, बांधाला वांगी. बाजाराच्या दिवशी पहाटे भाजी उपटायची, जुड्या बांधायच्या, टोपल्यात रचायच्या आणि टोपलं डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत जायचं. तिथं जीप मिळते. भरलेलं टोपलं काही एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीनं समोरून कडेला धरायचं, दोघींनी मिळून छातीपर्यंत उचलायचं, मग एक झटका, आणि टोपलं डोक्यावरच्या चुंबळीवर. याला आमच्याकडे हात लावणं म्हणतात. बायका एरवी कितीही भांडोत, "हात लाव वं" म्हटलं की नाही म्हणायचं नाही, असा रिवाज. माझी धाकटी जाऊ कमल आणि मी एकदा महिनाभर बोलत नव्हतो. पाण्याच्या पाळीवरून. तरी बाजाराच्या दिवशी ती वाऱ्याकडे तोंड करून म्हणायची, "हात लावा कोनी." आणि मी, त्या वाऱ्याचीच कोणी असल्यासारखी, येऊन हात लावायचे.

त्याच अबोल्यात माझं मनगट मोडलं.

दिवाळी होऊन गेली होती. कमलचं टोपलं भरलं, तिनं वाऱ्याला हाक दिली, मी गेले. कड धरली, उचललं, छातीपर्यंत आणलं, आणि वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. दुखलं नंतर. आधी टोपलं गेलं. सगळी मेथी चिखलात. कमलला वाटलं, मी मुद्दाम सोडलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "एवढा राग व्हता तं तोंडानं सांगाचं व्हतं ना ताई, माया भाजीनं काय केलं?" मी माझ्या हाताकडे बघत होते. तो मनगटापाशी भलत्याच दिशेला वळला होता. मग तिनंही बघितलं आणि अबोला तिथंच संपला. पडले नाही, आपटले नाही, फक्त एका टोपल्याला हात लावला आणि हाड मोडलं. हे काही मला झेपेना.

मेहकरला ज्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं त्या वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी फोटो उजेडात धरला, पुन्हा धरला आणि विचारलं, "मावशी, याआधी काय काय दुखणी झाली?" मी म्हटलं, मुतखडे. तीनदा.

मुतखड्याचं आमच्या घरी मोठं प्रस्थ होतं. माझं माहेर लोणारचं. पहिला खडा झाला तेव्हा आमचे हे म्हणाले, "लोनारची पोरगी केली मी. खारं पानी पिऊन वाढली, खडे होतीन नाही तं काय होईन!" मी किती वेळा सांगितलं, की बाबा, तळ्याचं पाणी कोणी पीत नाही. पण थट्टा गावभर झाली. दुसऱ्या खड्याला थट्टा बंद झाली. त्या वेदनेत मी घरभर लोळले ते यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या वेळी मला जीपमध्ये घालून नेताना यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा होता. कोणीतरी सांगितलं, चुन्यानं खडा होतो. झालं. माझ्या पानातला चुना गेला. मग दूध गेलं. मग तीळ, पालक, टमाटे. आमच्याच वाडीतला पालक मी विकायची, खायची नाही. यांनी त्यावर इतका कडक पहारा ठेवला की कमल म्हणायची, "दादानं तुमाले चोरावानी पकडून ठुलं ताई." एक पडलेला खडा यांनी कुंकवाच्या जुन्या करंड्यात जपून ठेवला होता, डॉक्टरला दाखवायला. तांबूस, काटेरी, ज्वारीच्या दाण्याएवढा.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. मग परत पाठवलं. मग संभाजीनगरला जा म्हणाल्या. तिथं मानेचा फोटो निघाला, आणि एका मशीनवर उताणं झोपवून माझ्या कण्याची, खुब्याची, मनगटाची हाडं किती भरीव आहेत ते मोजलं. तिन्ही आकडे उणे. कागदावर तिन्ही ठिकाणी लाल रंग. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं, कारण ते ऐकताना मला रडू नाही, हसू आलं होतं. गळ्यात चार बारक्या गाठी असतात, गव्हाच्या दाण्याएवढ्या. रक्तात चुना किती ठेवायचा ते त्या बघतात. माझ्यातल्या दोन फुगल्या होत्या, एक तर शेंगदाण्याएवढी. त्या वर्षानुवर्षं माझ्या हाडांतून चुना ओढून रक्तात सोडत होत्या आणि रक्तातला जादा चुना मूत्रपिंडात जाऊन खडा होत होता.

म्हणजे करंड्यात ठेवला होता तो खडा नव्हता. ते माझं हाड होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. दूध बिचारं बाहेर काढलं आम्ही, आणि घरभेदी गळ्यात बसून होता, मंगळसूत्राच्या चार बोटं वर. हाडांना बाहेरून चुना मिळेना आणि आतला तर लुटला जात होता. आम्ही दोघं नवरा-बायको मिळून माझ्या हाडांना उपाशी ठेवत होतो. अगदी काळजीनं.

दोन्ही गाठी काढल्या. गळ्यावर एक बारीक रेघ राहिली. शिवण उसवून पुन्हा घातल्यासारखी. चौथ्या दिवशी घरी आले तेव्हा वाडीला लागून असलेल्या शेतात तूर सोंगणं चाललं होतं. अंगणात बाज टाकली होती, उन्हात. डॉक्टरांनी सांगितलं होतं ऊन घ्या, दूध घ्या, आणि या पांढऱ्या गोळ्या दिवसातून तीनदा, एकही चुकवायची नाही. हाडं आता भुकेली आहेत, म्हणाले होते, रक्तातला सगळा चुना ओढून घेतील. यांना नीट कळावं म्हणून त्यांनी गोळीच्या पाकिटावर बोट ठेवून दाखवलं, "यात चुनाच असतो, समजा." गोळ्या द्यायचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. माझा डावा हात अजून प्लास्टरात होता.

ते पहिले पाच-सहा दिवस मला आठवतात ते उन्हाचेच. सकाळचं कोवळं ऊन पायावरून चढत चढत दुपारी तोंडावर यायचं. पलीकडे तुरीचे पेंढे पडायचे, त्यांचा वाळका, खमंग वास यायचा. कमल पाटीत शेंगा आणून माझ्यासमोर ठेवायची आणि एका हातानं सोलत बसायला सांगायची. बरं वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी डोक्यातलं धुकं पातळ झालं होतं. फक्त ओठांभोवती मुंग्या यायच्या. मग बोटांना. मी म्हटलं, थंडी आहे. यांना विचारलं, "गोळी एकच का देता?" तर म्हणाले, "कमी केली डॉक्टरनं. फोन करून इचारलं मी." मी विश्वास ठेवला. गोळी कमी होणं म्हणजे बरं होणं, एवढंच आपल्याला माहीत असतं.

सहाव्या दिवशी सकाळी उजवा हात आखडला. बोटं एकत्र चिकटली, अंगठा आत गेला, गाईची धार काढताना हात होतो तसा, आणि सुटेचना. प्लास्टरमधून बाहेर आलेली डाव्या हाताची बोटंही तशीच. तोंडाचा कोपरा ओढला जाऊ लागला. कमल ओरडली, हे शेतातून पळत आले. जीपनं मेहकर गाठलं. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी शिरेतून औषध सोडलं, सावकाश, माझ्या छातीवर लक्ष ठेवत, आणि हळूहळू बोटं एकेक करून मोकळी झाली. मग त्यांनी विचारलं, "गोळ्या तीन वेळा चालू आहेत ना?"

मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीला टेकून उभे होते, डोक्यावरचा रुमाल हातात घेऊन.

"दोन गोया मी ठूनच देत होतो," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"एकच देत होतो बाई. त्याईत चुना हाये म्हनले ना ते मोठे डॉक्टर. तीनदा पाह्यलं मी हिले लोयतानी. चवथ्यानदा नसतं पाह्यलं गेलं माह्याच्यानं." मग मला नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही, हातातल्या रुमालाला म्हणाले, "मले वाटलं, मीच वाचवून राह्यलो हिले."

डॉक्टरीणबाई रागावणार म्हणून मी डोळे मिटले होते. त्या रागावल्या नाहीत. स्टूल ओढून यांच्यासमोर बसल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चोर पकडला गेलाय बाबा, आता घरात माल भरायचाय. हे "हाव, हाव" म्हणत मान डोलवत राहिले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. यांनी तर ताकाचं भांडंच लपवलं होतं.

मी रागावले. ते लिहून टाकते, कारण नंतर कमलनं गावात ही गोष्ट यांच्या मायेची म्हणून सांगितली आणि सगळ्यांनी मला भाग्यवान ठरवलं. मला तेव्हा भाग्यवान वाटत नव्हतं. आपलं शरीर आधी गळ्यातल्या गाठींनी लुटलं, मग नवऱ्याच्या भीतीनं. मला कोणी विचारलंच नव्हतं. माझी गोळी, माझं हाड, माझं दूध, आणि निर्णय भलत्याचाच. तीन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. हे गुपचूप तीन वेळा गोळी आणि पाण्याचा पेला बाजेच्या पायाशी ठेवायचे आणि मी गिळेपर्यंत तिथंच उकिडवे बसायचे. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "उठा, गुडघे दुखतीन तुमचे." भांडण तसं तिथं संपलं. राग कधी गेला ते सांगता येत नाही. थोडा अजून असेल.

लपवलेल्या गोळ्या मला पुढे सापडल्या, मेथीच्या बियाण्याच्या डब्यात. बियाण्याला कीड लागू नये म्हणून आम्ही त्यात राख घालतो. त्या राखेत कागदाची पुडी होती, आत दहा-बारा पांढऱ्या गोळ्या. टाकून द्यायचा धीर झाला नव्हता यांना. औषध फेकू नये म्हणतात.

पुढचे महिने फार संथ गेले. हाड भरणं दिसत नाही. हरभरा फुलतो, घाटे धरतो, ते दिसतं. जखम सुकते ते दिसतं. हाडांचं आतल्या आत चाललेलं असतं, आणि चाललंय की नाही तेही वर्ष-दोन वर्षांनी मशीन सांगणार. तोवर फक्त करायचं. गोळी, दूध, ऊन, चालणं. मी बांधावरून शेवटच्या वांग्यापर्यंत आणि परत, रोज. कंटाळा यायचा. वाटायचं, आणखी किती दिवस या अंगाची चाकरी करायची? सगळा जन्म दुसऱ्यांची केली, निदान त्यात गप्पा तरी होत्या.

आणि त्या हिवाळ्यापासून घरानं मला काही उचलू दिलं नाही. डॉक्टरांनी म्हटलं होतं, डोक्यावर ओझं नको, वाकून जड उचलायचं नको, पण हातांना थोडं थोडं काम हवं. हाडाला काम दिलं नाही तर ते भरायला बघत नाही. यातलं पहिलं घरानं ऐकलं, दुसरं कानाआड गेलं. पाण्याचा तांब्या उचलला तरी हे धावायचे, "नोको नोको, ठेव." भाजी उपटायला गेले की कमल म्हणायची, "तुमी फक्त जुड्या बांधा ताई." सगळ्यात लागलं ते म्हणजे कोणी मला हात लावायला बोलवेना. टोपलं भरलं की कमल लांबच्या शेतातून कोणाला तरी हाक मारायची आणि मी दहा पावलांवर उभी. कोणी नसलं तर हे मेथी पोत्यात भरून खांद्यावर न्यायचे. पोत्यात मेथीचा पार लगदा व्हायचा, बाजारात गिऱ्हाईक नाक मुरडायचं. पण डोक्यावर चुंबळ ठेवायला हे तयार नव्हते. म्हणायचे, "ते बायाचं काम." जिच्यावर कोणी भार टाकत नाही ती बाई घरात असून नसल्यासारखी होते. थकले होते तेव्हा सगळे म्हणत, उचल. आता उचलावंसं वाटत होतं तर सगळे म्हणत, ठेव.

गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा मोजलं. कणा आणि खुबा चांगले वर आले. लाल रंग जाऊन पिवळा झाला. हे इतके खूश झाले की त्यांनी मशीन चालवणाऱ्या मुलीला यंदाची मेथी आणून देतो म्हणून सांगितलं. मी मात्र तिसऱ्या आकड्याकडे बघत होते. मनगट जवळजवळ तिथंच. डॉक्टर म्हणाले, "मनगटाचं हाड मागं राहतं, मावशी. येईल हळूहळू. कधी कधी तेवढंच राहतं." मी विचारलं, "मग टोपल्याला हात लावला तर चालेल?" त्यांना ते कळलं नाही. मी खुर्चीतून उठून हातानं करून दाखवलं. ते हसले, मग विचारात पडले. "समोर दुसरा माणूस असेल, टोपलं फार जड नसेल, झटका न देता," ते म्हणाले, "तर बघा." बघा, म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. परतीच्या एसटीत मी सगळी वाट मनगट धरून बसले होते. मला कळेना, हे हाड माझं आहे की मी त्याची पाहुणी आहे.

आज बाजार होता. कमल लेकीच्या बाळंतपणाला धाड गावी गेली आहे, आजूबाजूच्या शेतांत कोणी नव्हतं. यांनी आणि मी पहाटेपासून मेथी उपटली. जुड्या मी बांधल्या. मी पोतं आणायला वळले तर हे म्हणाले, "राहू दे. मागच्या बाजारी लोकाईनं लय तोंडं वाकडी केली." आणि माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन बसले चुंबळ वळायला. त्यांना ती जमेना. मी हातातून घेतली, वळून दिली, आणि यांच्या टोपीवर ठेवली. ती एका बाजूला कलली. साठीला आलेला माणूस, डोक्यावर बायकोच्या लुगड्याची चुंबळ. मला हसू आलं. हे चिडले. "हासू नोको. पडन ते."

मग वाकले, टोपल्याची एक कड धरली, आणि रोज म्हणत असल्यासारखं म्हणाले, "हात लाव वं."

दोघंही थांबलो. यांच्या लक्षात आलं, काय बोलून गेले. डोळे माझ्या मनगटावर गेले, तिथून बांधापलीकडच्या शेतात, कोणी आहे का बघायला. कोणी नव्हतं. मी वाट बघत होते, आता म्हणतील, नको, ठेव. दोन वर्षं हेच ऐकलं होतं. यांनी कड सोडली नाही.

मी समोर जाऊन दुसरी कड धरली. गुडघ्यापर्यंत आलं. कमरेपर्यंत. छातीपाशी आलं तेव्हा माझे कान त्या आवाजाची वाट बघत होते. टोपल्याच्या वरून यांचा चेहरा दिसत होता, अगदी जवळ, तिसऱ्या खड्याच्या वेळी होता तसा पांढरा. झटका द्यायचा नव्हता म्हणून आम्ही ते इंच इंच वर नेलं, आणि ते चुंबळीवर बसलं. मनगट जरा दुखलं. दुखलं एवढंच.

"सोडू का?" मी विचारलं.

"सोड," हे म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

मी सोडलं. टोपलं तिथंच राहिलं. हे बांधावरून निघाले, मान ताठ, पावलं जपून, नव्या नवरीसारखे. मी तराजू घेऊन मागून चालत होते. विहिरीपाशी यांना थांबावंसं वाटलं असावं, पण ओझ्याखाली मान वळवता येत नाही हे यांना आत्ताच कळत होतं. मग समोरच्या वाटेकडे बघतच मोठ्यानं विचारलं, "सकायची गोयी घेतली का वं?"

घेतली नव्हती. पुडी यांच्याच खिशात होती. मी दोन पावलं भरभर पुढे झाले, यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, आणि माझी गोळी मीच काढून घेतली.